माळावर वाढलेलं पान

रॅमस्ली, ब्रॅकनेलजवळ
१७ ऑक्टोबर २००४

ती. सुप्रभावन्संना अनुराधाचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही लावत नाही, तेव्हा लिहायला बसले. बातमी चांगली आहे, म्हणून आधी तीच सांगते. कावळा शिवला.

फेब्रुवारीत ह्यांच्या दहाव्याला काय झालं ते हरीशनं केंब्रिजला आल्यावर तुम्हाला सांगितलंच असेल. तुमच्या कमरेचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तुम्ही येणं शक्यच नव्हतं. आपल्याकडे जमलेली माणसं एकेक करून पुढं होतात, 'तुमच्यामागं सगळ्यांचं बघू' असं पिंडाला सांगतात, आणि मग कावळा येतो. इथं बोलायला होतं कोण? मी, तुमचा हरीश आणि जवळच्या स्लाव शहरातून आलेले गुरुजी, ज्यांच्या पार्किंगची वेळ संपत आली होती. मागच्या अंगणात एक कबूतर आलं, एक खार आली. कावळा कुंपणावरसुद्धा बसला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून लावला आणि 'झालं' म्हणाले. मला काही ते झाल्यासारखं वाटलं नाही. तुम्हालाही नाही, कारण तेव्हापासून प्रत्येक पत्रात तुमचं एकच विचारणं, मुरलीचं काय राहिलं असेल?

म्हणून या सर्वपित्रीला मी पान घेऊन रॅमस्ली हीथवर गेले. हे अडुसष्ट साली इथं आले तेव्हापासून दर रविवारी जायचे तीच जागा. तुम्ही ती पाहिलेली नाही. माळ म्हणा ना. हीदर नावाचं गुडघ्याएवढं झुडूप सगळीकडे, ऑगस्टात जांभळं होतं, आता वाळून तांबूस झालंय. मधेमधे गॉर्सची काटेरी जाळी, वाळूच्या पायवाटा, आणि मध्यावर एक गोल उंचवटा. त्याच्याशेजारी एकच पाइनचं झाड. उंचवट्यावर पान ठेवलं. भात, वडे, खीर, सगळं केलं होतं. पाइनवरून एक कावळा उतरला, मान तिरकी करून माझ्याकडं पाहिलं आणि थेट भाताच्या मुदीवर चोच मारली. इथला कावळा सगळा काळा असतो, आपल्या डोमकावळ्यासारखा. पण कावळाच.

मी उभ्या उभ्या रडले. कुत्रा घेऊन चाललेल्या एका बाईनं विचारलं, "आर यू ऑलराइट, लव्ह?" मी म्हटलं, "येस, लव्हली." तिला काय वाटलं असेल कोण जाणे.

कंबर जपा. मनीषाला आणि अक्षराला आशीर्वाद.

तुमची
अनुराधा


केंब्रिज
२५ ऑक्टोबर २००४

अनुराधा,

सुखी राहा. पत्र इतक्यांदा वाचलं की सूनबाई म्हणाली, आई, घडी फाटेल. मनीषाला वाचून दाखवलं तर तिला त्यात एवढं काय ते कळेना. नागपूरची असून! आयटीत काम करणाऱ्यांची कुठली इच्छाच राहत नसेल बहुतेक.

डोमकावळा चालतो. मी विचार केला, परदेशात आहे त्यात भागवायचं.

पण एकदा शिवला म्हणजे सगळं निभावलं असं समजू नकोस. मुरलीला मी कडेवर वाढवलाय. तो सरळ काही सांगणारा नव्हता. लाडू हवा असला तर मागायचा नाही, डब्याशेजारी जाऊन नुसता उभा राहायचा. आपण ओळखायचं. तो आत्ताही तसाच कुठं तरी उभा असेल असं मला वाटत राहतं, आणि मग जेवण जात नाही. म्हणून दर अमावास्येला पान ठेवत जा. वड्याला मधे भोक पाडायचं, विसरू नकोस. काळे तीळ तिकडं मिळत नसतील तर हरीशबरोबर पाठवते. तुम्हांला मूलबाळ नाही, म्हणजे हे तूच करायचंस. कुणी शास्त्र सांगायला आलं तर माझ्याकडं पाठव.

आणि हा माळाचा काय नाद होता गं त्याला? माहेरच्या, जतच्या माळावरून सुटले तेव्हा मी देवाला नारळ फोडला होता. हा सात समुद्र ओलांडून आला आणि इथंही माळच शोधून बसला. तीसेक वर्षं मला म्हणत होता, अक्का, एकदा बघायला ये. माळ काय बघायचा?

सुप्रभा


रॅमस्ली
१० एप्रिल २००५

ती. सुप्रभावन्संना नमस्कार.

तीळ पोचले. तुम्ही अमावास्येचं सांगितलंत, मी मात्र दर रविवारीच जाते. घरात रविवार सरत नाही. डब्यात भात घ्यायचा, उंचवट्यावर ठेवायचा, आठवड्याचं सगळं ह्यांना सांगायचं, बॉयलर बिघडला, कौन्सिल टॅक्स वाढला. पाइनवर आता पाच-सहा कावळे माझी वाटच बघत असतात. मी फाटकातून शिरले की ओरडतात. कुणीतरी आपली वाट बघतंय याचं बरं वाटतं हो.

मधे एक भांडण झालं. जानेवारीत गेले तर दहाबारा माणसं माळावर बर्चची झाडं कापत होती! चांगली पांढऱ्या खोडाची झाडं. मी जाऊन त्यांच्या प्रमुखाला विचारलं, तुम्हाला लाज नाही वाटत? प्रमुख म्हणजे जॅनेट, इथली वॉर्डन, माळाची देखरेख करणारी, साठीची, गालावर ओरखडे. ती हसली, थर्मासमधला चहा दिला आणि मला तासभर माळ समजावून सांगितला.

ती म्हणाली, हा माळ देवानं केलेला नाही, माणसांनी केलाय. हजारो वर्षांपूर्वी इथलं रान तोडलं, पावसानं वाळूतला सगळा कस धुऊन नेला. मग इथं हीदर आणि गॉर्सखेरीज काही उगवेना. गावातले गरीब लोक त्यावर गुरं चारायचे. मातीची ढेपळं कापून, वाळवून चुलीत घालायचे, आपल्या गोवऱ्यांसारखी. गॉर्सच्या मोळ्या पाववाल्याच्या भट्टीला जायच्या. जॅनेटचे पणजोबा याच बर्चच्या फांद्यांचे खराटे बांधून लंडनला विकायचे. त्यामुळं झाड वाढायलाच मिळायचं नाही. मग कोळसा आला, गुरं गेली, लढाईत इथं रणगाडे फिरले, पलीकडं ब्रॅकनेलचं नवं शहर उभं राहिलं, आणि माळाकडं कुणी बघेना. दहा-वीस वर्षं दुर्लक्ष केलं की बर्च शिरतं आणि माळ संपतो. म्हणून आता हे लोक हौसेनं तेच करतात जे ते गरीब पोटासाठी करत होते. या जमिनीला गरीबच ठेवावं लागतं म्हणे. कुत्र्यांच्या घाणीनंसुद्धा तिचा कस वाढतो, मग गवत माजतं आणि हीदर मरतं.

आता मीही गुरुवारी जाते. मोठी करवत देत नाहीत, कात्री देतात. पहिलं झाड कापताना मनात त्याची माफी मागितली.

आणखी एक. मी पान ठेवते तो उंचवटा म्हणजे थडगं आहे! चार हजार वर्षांपूर्वीच्या कुणाची तरी राख मडक्यात घालून तिथं पुरली होती. माझ्या अंगावर काटा आला, आणि मग वाटलं, ह्यांना सोबत आहे.

सध्या उंचवट्याच्या आसपास एक पक्षी गातो, वुडलार्क. आपल्या चंडोलाचा चुलतभाऊ. सगळ्या माळावर दोनच जोड्या आहेत, आणि घरटं जमिनीवर, हीदरच्या बुडाशी. जॅनेटचा जीव त्यांच्यात अडकलाय.

तुमची
अनुराधा


केंब्रिज
२४ एप्रिल २००५

अनुराधा,

सुखी राहा. मला हे आधी सांग, कावळा शिवला तो मुरलीसाठी की त्या चार हजार वर्षांच्या म्हाताऱ्यासाठी? परक्यांच्या पितरांच्या दारात आपलं पान! तो म्हातारा इतकी वर्षं उपाशी, तू आयतीच वडे घेऊन गेलीस. मी त्या रात्री बराच वेळ काळजी केली आणि मग एकटीच हसत सुटले. हरीशला वाटलं, आईला काही झालं.

असो. दोघांना पुरेल इतका भात घेऊन जा.

झाडं कापायचं मात्र मला पटलं नाही. आमच्या जतच्या माळावर सरकारनं पाटी लावली होती, 'झाडे लावा', आणि एकही जगलं नाही. तिकडं न लावता उगवतात तर ही कापतात. जगात न्याय कसा तो नाही.

चंडोलाचं वाचून आठवलं. मुरली सहा-सात वर्षांचा असेल. माळावर चंडोलाचं घरटं सापडलं की तो पुढं पाऊल टाकायचा नाही. शेळ्या तिकडं वळू नयेत म्हणून उन्हात हात पसरून उभा राहायचा. मी ओरडायचे, घरी चल, ऊन लागेल. हा हलायचा नाही. शेळ्यांचा धनी आम्हाला शिव्या द्यायचा. असला वेडा पोरगा.

पान चुकवू नकोस. माझ्या झोपेचं औषध आता तुझ्या हातात आहे.

सुप्रभा


रॅमस्ली
१९ जून २००५

ती. सुप्रभावन्संना नमस्कार.

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही. तरी पूर्ण वाचा.

वुडलार्कचं एक घरटं मेमध्ये लुटलं गेलं. अंडी फोडलेली, कवचं तिथंच. जॅनेट म्हणाली, होतं असं, परत घालतील. परत घातली. दुसऱ्या जोडीचीही होती. गेल्या आठवड्यात तीही गेली, दोन्ही. या वर्षी माळावर वुडलार्कचं एकही पिल्लू नाही.

गुरुवारी जॅनेटनं आम्हा सगळ्यांना उंचवट्यापाशी नेऊन लांबून दाखवलं. पाइनवरचे कावळे खाली उतरले होते आणि हीदरमधून ओळीनं चालत होते, बाई पडलेली टिकली शोधते तसे, एकेक झुडूप बाजूला करून. ती म्हणाली, माळावर कावळा उडता उडता जातो, तळ ठोकत नाही, कारण इथं त्याला खायला काही नसतं. या वर्षी यांनी इथं तळ ठोकलाय. मग तिनं वाकून उंचवट्यावरून काही तरी उचललं. सुकलेली शितं होती. आणि तिथं हीदर पिवळं पडून मऊ हिरवं गवत आलं होतं, ताटाएवढ्या जागेत. "कुणी तरी इथं शिजवलेला भात टाकतंय," ती म्हणाली, "फाटकावर पाटी लावू या."

मी तिथंच सांगितलं, भात मी ठेवते.

बाकीचे लोक बुटांकडं बघायला लागले. जॅनेट मला बाजूला घेऊन गेली. रागावली नाही. कुणासाठी, एवढंच तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, दहावा, खार, गुरुजी, सगळं. तिनं विचारलं, घरच्या अंगणात नाही का चालणार? मी म्हटलं, तिथं कावळा येत नाही, तीच तर अडचण आहे. ती म्हणाली, "अनू, मी तुम्हाला मनाई करू शकते, पण करणार नाही. तुम्हीच ठरवा."

वन्सं, मी ठरवलंय. माळावर पान ठेवणार नाही. रविवारीही नाही, अमावास्येलाही नाही. ज्यांनी शेळ्यांपुढं हात पसरले त्यांच्या नावानं मी ही अंडी खाऊ घातली, हे मला पेलत नाही.

आज रविवार. मी रिकाम्या हातानं गेले. कावळे ओरडत माझ्या पुढं पुढं उडत आले, आणि मी त्यांच्याकडं न बघता परत फिरले. हे गेले त्या दिवशी मी रडले होते, पण नवरा गेला असं आज पहिल्यांदा वाटलं.

तुमची
अनुराधा


केंब्रिज
२७ जून २००५

अनुराधा,

पाखराची अंडी मोठी झाली आणि माझा भाऊ लहान झाला. ठीक आहे. तुझा नवरा, तुझा माळ, तुझी ती जॅनेट. मी आता त्यात बोलणार नाही.

सुप्रभा


रॅमस्ली
९ ऑक्टोबर २००५

ती. सुप्रभावन्संना नमस्कार.

जुलैत आणि ऑगस्टात लिहिलेल्या पत्रांना तुमचं उत्तर नाही. हरीशकडून कळतं की प्रकृती बरी आहे, तेवढं पुरे.

सर्वपित्रीला यंदा मागच्या अंगणात पान ठेवलं. शेडच्या छपरावर ठेवून पाहिलं, मग भिंतीवर. कावळा आला नाही. दुपारी तीनला ते वडे मीच खाल्ले, गार. खाताना तुमची आठवण झाली, तुम्ही असता तर म्हणाला असता, निदान चटणी तरी घे.

माळावर आता गाई आणल्या आहेत. आखूड पायांच्या, केसाळ, काळ्या. बर्चचे कोंब खातात आणि आमचं काम वाचवतात. शंभर वर्षांनी इथं गुरं चरताहेत म्हणून जॅनेटनं गावाला बोलावून केक कापला. तिच्या घरातला पणजोबांच्या हातचा खराटा तिनं सगळ्यांना दाखवला. बांधणी अगदी आपल्यासारखी. मी तिला म्हटलं, आमच्याकडं असा अजून रोज वापरतात, तर तिचे डोळे विस्फारले.

कावळे मात्र पाइन सोडून गेले. हिवाळ्याआधीच गेले. आपण खायला घातलं तोवरच ते होते, हे मला कळत होतं, तरी त्या रिकाम्या झाडाखाली जरा वेळ उभी राहिले.

तुमच्या पत्राची मी वाट बघते. रागाचं असलं तरी चालेल.

तुमची
अनुराधा


रॅमस्ली
२६ मार्च २००६

ती. सुप्रभावन्संना नमस्कार.

अक्षर वाकडं आलंय, पेन बरं नाही. म्हणून थोडक्यात लिहिते.

यंदा जानेवारीत इथं कडक गोठलं होतं. बरेच दिवस माळावर गेले नाही. जॅनेट अधूनमधून दूध-ब्रेड ठेवून जाते, उगीचच, मी किती नको म्हणते.

गेल्या रविवारी तिच्या गाडीतून गेले. वुडलार्क आलाय. उंचवट्याच्या वर गोल गोल चढत गेला आणि गात गात खाली आला. एक जोडी तिथंच बसणार असं दिसतंय. जॅनेटनं भोवती दोरी बांधली आहे आणि कुत्रेवाल्यांना हात जोडून विनंती करते.

तुम्हाला हे कळवावंसं वाटलं. त्यावर काही लिहायलाच हवं असं नाही.

अनुराधा


केंब्रिज
९ एप्रिल २००६

अनुराधा,

मी बोलणार नाही म्हटलं होतं, आणि नऊ महिने पाळलं. माझ्या आयुष्यात एवढं मी कधी गप्प बसले नव्हते, हरीश आणि मनीषा साक्षीला आहेत.

तुझं पत्र येण्याआधीच राग उतरत आला होता. कसा ते सांगते. पितृपक्षात मी ठरवलं, अनुराधा करत नाही तर मी करते. हरीशला सांगून नदीकाठच्या हिरवळीवर पान ठेवलं. ठेवायचा अवकाश, कावळा हजर! मला वाटलं, बघ, बहिणीच्या हाकेला कसा धावला. अक्षरा शेजारी बसून चिप्स खात होती. पान संपवून तोच कावळा तिच्या पुड्यावर आला, मग एका जपानी पाहुण्याच्या सँडविचवर, मग कचऱ्याच्या डब्यात. अक्षरा म्हणाली, "आजी, हा क्रो तर सगळ्यांचाच खाते!"

मी रागावले तिच्यावर, पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. खरंच की. जिथं माणसं खायला टाकतात तिथं तो येतो, टाकत नाहीत तिथं येत नाही. म्हणजे गेली दोन वर्षं कावळा काही अडून बसलेला नाही. अडलेय ती मी. दहाव्याला सगळी माणसं पिंडापुढं येऊन शब्द देतात. मुरलीची मोठी बहीण मी, आणि मी कमरेला पट्टा बांधून इथं पडले होते. मी काही बोललेच नाही. मग तुला सारखी पिटाळत राहिले, पान ठेव, पान ठेव. माझं बोलणं तू कसं बोलणार?

हरीश एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मला घेऊन येतोय. अक्षराही येते आहे. पान, भात, तीळ काही नको. तुझ्या त्या पाखराला माझ्याकडून धक्का लागणार नाही. खुर्ची मात्र लागेल, घडीची.

आणि तुझ्या पेनाला काय झालंय ते मी आल्यावर बघते.

सुप्रभा


केंब्रिज
७ मे २००६

अनुराधा,

सुखी राहा.

त्या दिवशी गाडीत बसताना मी तुझ्याशी धड बोलले नाही, याचं तुला वाईट वाटलं असेल. मला रडू येत होतं, आणि हरीशसमोर मी रडत नाही. आता लिहिते.

माळ पाहिला. मुरलीला तो जतसारखा का वाटायचा ते फाटकातच कळलं. आडवं आभाळ, पायाखाली वाळू, आणि कुणालाच नको असलेली जमीन असते तिचा एक वास येतो, तो वास. तेवढा गारठा सोडला तर मी डोळे मिटून आमच्या घरी गेले असते. तीस वर्षं तो बोलवत होता. म्हटलं, बरं, आज आले.

तू आणि जॅनेट दोरीपाशी थांबलात आणि मी अक्षराचा हात धरून जरा पुढं खुर्चीवर बसले. मी काय पुटपुटत होते ते तुला ऐकू आलं नाही. तू विचारलंही नाहीस. तू कधीच विचारत नाहीस. अक्षराला माझं अर्धं मराठी कळत नाही, म्हणून निर्धास्त बोलले. ती आपली दुसरंच विचारत होती, "आजी, हा बर्ड खाली फ्लोअरवर का झोपते? सेफ नाही ना!" मी तिला म्हटलं, म्हणून तर माणसं राखायला उभी आहेत.

मग मी त्याला म्हटलं, मुरली, मी आले. उशीर झाला, कंबर साथ देत नाही. अनुराधाचं मी बघते. आता तू उभा राहू नकोस.

एवढंच. काही झालं नाही. कावळा आला नाही, आणि आला नाही म्हणून मला बरं वाटलं, कारण समोर हीदरखाली ती अंडी होती. मला वाटलं होतं, शब्द दिला की सुटले. घरी जाऊन जेवायचं आणि झोपायचं.

पण मग आपण तुझ्या घरी आलो. कुकरचं झाकण तुला उजव्या हातानं लागत नव्हतं, आणि तू ते कमरेनं दाबून लावलंस, मी बघू नये म्हणून माझ्याकडं पाठ करून. चहाचा कप डाव्या हातानं दिलास. फ्रीज उघडला तर दही आणि अर्धं लिंबू. तेवढ्यात बाहेर जॅनेटनं हरीशला सगळं सांगितलं, आणि त्यानं मला. जानेवारीत माळाच्या फाटकापाशी बर्फावर पडलीस, मनगट मोडलं, उठता येईना. कुत्रा घेऊन कुणी तरी आलं तोवर तिथंच पडून होतीस. सहा आठवडे प्लास्टर, आणि हरीशला फोन केलास तेव्हा म्हणालीस, सगळं छान चाललंय. आणि मला लिहितेस, पेन बरं नाही!

मुरलीच्या शेजारी बसून बसून तूही तशीच झालीस. डब्याशेजारी उभी राहायची, मागायची नाही.

दोन वर्षं मी विचारत होते त्याचं काय राहिलं, काय राहिलं. आकाशात बघत होते, कावळ्यांना विचारत होते, पंचांग बघत होते. त्याचं राहिलं होतं ती तू. परक्या देशात, मूलबाळ नाही, मोडलेल्या हातानं कुकर लावणारी. आणि मी तुला वड्याला भोक पाडायला शिकवत होते. मला माझाच राग आला. मग वाटलं, रागावण्यात आणखी दोन वर्षं घालवायला आपल्याकडं आहेत कुठं.

हरीश म्हणतो, आई, तुझं वय बघ, तू कुणाला सांभाळणार? मी त्याला म्हटलं, तिला हात नाही, मला कान नाही, दोघींत मिळून एक बाई पुरी होते. मनीषा आधी हसली आणि मग माझ्या गोळ्यांचे डबे भरायला लागली. तिला समजलं. अक्षरानं विचारलं, सुट्टीत मलाही तिथं राहू देणार का. मी म्हटलं, मामीआजीला विचार, घर तिचं आहे.

मागच्या खोलीतली ती शिवणाची मशीन हलवून ठेव, पण तू उचलू नकोस, जॅनेटला बोलाव. उशी एकच लागते मला. येत्या शनिवारी हरीश मला आणि दोन बॅगा सोडून जाईल. महिन्या-दोन महिन्यांसाठी येत नाहीये, हे आताच सांगून ठेवते.

'नको वन्सं, तुम्हाला उगीच त्रास' असलं पत्र लिहू नकोस. ते इथं पोचेल तेव्हा मी निघालेली असेन.

सुप्रभा